अ‍ॅनमरी खरी नव्हती म्हणून माझा वर्ग रुसलाय

शाईचं_बोट

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवते. या सत्रात वर्गात वाचायला लोइस लाउरीची 'नंबर द स्टार्स' होती. १९८९ चं पुस्तक, पुढच्याच वर्षी त्याला न्यूबेरी पदक (अमेरिकेतला बालसाहित्याचा पुरस्कार) मिळालं. न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. १९४३ चा सप्टेंबर, जर्मनांच्या ताब्यातलं डेन्मार्कमधलं कोपनहेगन. दहा वर्षांची अ‍ॅनमरी आणि तिची शेजारची मैत्रीण एलन. एलन ज्यू. ज्यूंना उचलून नेणार अशी कुणकुण लागते, एलनचे आईवडील लपायला निघून जातात आणि अ‍ॅनमरीच्या घरचे एलनला आपलीच वारलेली थोरली मुलगी म्हणून घरात ठेवतात. तिथून हेन्रिकमामाच्या गावी, समुद्राकाठी, आणि मग मासेमारीच्या होडीतून स्वीडन.

रात्री सैनिक घरात शिरतात तेव्हा एलनच्या गळ्यात डेव्हिडच्या ताऱ्याची, म्हणजे ज्यूंच्या धर्मचिन्हाची, साखळी असते. तिची कडी निघेना, म्हणून अ‍ॅनमरी हिसका देऊन ती तोडते आणि मुठीत आवळून धरते. सैनिक गेल्यावर बघते तर तळहातावर ताऱ्याचा ठसा. हे वाचून झालं आणि मागच्या बाकावरच्या एकाने कंपासपेटीतला गुण्या तळहातावर दाबून बघितला. ठसा उमटला. मग तो गुण्या वर्गभर फिरला. मी काही बोलले नाही.

पुस्तक संपल्यावर म्हटलं, मनात आलं ते लिहा, नुसतं 'छान आहे' चालणार नाही. निम्म्या वर्गाला सुरुवात कंटाळवाणी वाटली. 'युद्धाचं पुस्तक म्हणून सांगितलं आणि एकही लढाई नाही' ही तक्रार बऱ्याच जणांची. पाच वर्षांची कर्स्टी सगळ्यांची लाडकी. माशाच्या कातड्याचे बूट घालणार नाही म्हणून ती भोकाड पसरते, ते पान मला पुन्हा वाचायला लावलं. एकीने लिहिलंय, 'मोठी माणसं खोटं बोलली की शूर आणि आम्ही बोललो की डायरीत शेरा.' शवपेटीत प्रेत नसून कोट आणि ब्लँकेटं निघतात तेव्हा कोणीतरी ओरडलं, 'मिस, आग्र्याहून सुटका!' पुढची पाच मिनिटं वर्ग माझ्या हातात नव्हता.

खरी पंचाईत त्यानंतर. शेवटी लेखिकेने काय खरं आणि काय कल्पित ते सांगितलंय. अ‍ॅनमरी, एलन, हेन्रिकमामा ही माणसं कल्पित आहेत हे कळल्यावर पोरं चक्क रुसली. 'मग आम्ही एवढे कोणासाठी घाबरलो?' असं एकाने लिहिलं. एकीने आधी लिहिलेल्या 'मला खूप आवडलं'पुढे नंतर 'होतं' जोडून दिलं.

तुमच्या मुलांचा अनुभव काय? ऐतिहासिक कादंबरी हातात देताना खरं-कल्पित आधी सांगून टाकावं की नंतर? पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकडीला हेच पुस्तक आहे.

उगाचच_उवाच

रुमाल टाकून ठेवतो. सावकाश लिहितो.

चिंचगोळी

छान धागा. आमच्याकडे (न्यू जर्सी) लेकीला पाचवीत हेच पुस्तक होतं. तिचं मत तुमच्या पोरांपेक्षा वेगळंच होतं. खरं की खोटं याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. तिचा राग असा, की एलनला काय वाटत होतं ते कोणी विचारतच नाही. भीती अ‍ॅनमरीची, धावपळ अ‍ॅनमरीची, आणि जिच्या जिवावर बेतलंय ती होडीत बसते आणि जाते. शेवटी युद्ध संपतं, पण एलन परत आलेली काही आपल्याला दिसत नाही. लेकीने गृहपाठ म्हणून एलनने स्वीडनहून लिहिलेलं पत्र लिहिलं. त्यात निम्मं पत्र 'इथे जेवण कसं आहे' यावर होतं.

तिच्या वर्गात ज्यू मुलंही होती. त्यातला एकजण म्हणाला म्हणे, की आमच्या घरच्या गोष्टीत होडी आलीच नव्हती. त्या दिवशी घरी आल्यावर लेक बराच वेळ गप्प होती. रात्री विचारलं, आपल्याकडे कोणी लपलं असतं तर तू दारात उभी राहून खोटं बोलली असतीस का? मी 'हो' म्हटलं. 'तू तर फोनवर क्रेडिट कार्डवाल्याशीही खोटं बोलू शकत नाहीस,' असं उत्तर मिळालं.

गडपायरी

आधीच सांगावं, यात विचारायचं काय? जे खरोखर घडलं तेच एवढं मोठं आहे की त्याला कल्पनेचा टेकू लागत नाही. जर्मन वकिलातीतल्या डुकविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने बातमी फोडली. २९ सप्टेंबरला सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात) रब्बी, म्हणजे धर्मगुरू, मेल्कियोर यांनी जमलेल्यांना सांगितलं, घरी जा, लपा, इतरांना कळवा. १ ऑक्टोबरच्या रात्री धरपकड सुरू झाली तेव्हा बहुतेक घरं रिकामी होती. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे ७,२०० ज्यू आणि त्यांचे ७०० च्या आसपास बिगर-ज्यू नातेवाईक समुद्र ओलांडून स्वीडनला पोचले. पावणेपाचशेच्या आसपास लोक सापडले, त्यांची रवानगी नाझींच्या थेरेसिएनश्टाटच्या छावणीत झाली. ही आकडेवारी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहा, मग कादंबरी उघडा.

आणखी एक. राजा दहावा क्रिश्चियन याने स्वतः पिवळा तारा छातीवर लावला ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, ती दंतकथा आहे. डेन्मार्कमध्ये ज्यूंना तारा लावायची सक्ती कधी झालीच नाही. राजा रोज सकाळी एकटा घोड्यावरून शहरात फिरायचा हे मात्र खरं आणि कादंबरीतही ते आलंय.

तिखटमीठ

गडपायरी, पहिल्या दिवशी फळ्यावर ७,२०० लिहिलं की सहावीतली पोरं वहीत ७,२०० उतरवून घेतील आणि परीक्षेला किती मार्कांना आहे ते विचारतील. बस. त्या आकड्यातली एक मुलगी ओळखीची झाल्याशिवाय आकड्याला काही अर्थ येत नाही.

मी लहानपणी रायगडावर गेले तेव्हा बाबांनी हिरकणीची गोष्ट बुरुजावर उभं राहून सांगितली. मी खाली वाकून बघितलं आणि पोटात गोळा आला. बाळ घरी, दरवाजे बंद, अंधार. पुढे कॉलेजात कळलं की ही आख्यायिका आहे. तरी तो गोळा काही खोटा ठरला नाही. बाबांनी आधीच 'ही आख्यायिका बरं का' म्हणून सुरुवात केली असती तर मी खाली वाकलेच नसते.

गडपायरी

आणि आख्यायिका म्हणून कधीच न सांगितल्यामुळे आज चाळिशीतली माणसं आख्यायिकेवरून एकमेकांची डोकी फोडायला निघतात, त्याचं काय? ही सवय सहावीतच लागते. तुम्हाला कॉलेजात कळलं. पुष्कळांना कधीच कळत नाही.

तिखटमीठ

हा मुद्दा मान्य. पण त्याचं उत्तर 'आधी' हे नाही, 'नक्की' हे आहे. शाईचं_बोट यांनी नंतर का होईना, सांगितलं ना.

एक_नंबर_बाकडा

मला एक कळत नाही, पुण्यातल्या पोरांना डेन्मार्क कशाला? आपल्याकडे इतिहास कमी पडला का? चौथीत शिवछत्रपती वाचून आलेली मुलं, त्यांना सहावीत थेट कोपनहेगन. तिथल्या गल्ल्यांची नावं तरी उच्चारता येतात का कोणाला?

शाईचं_बोट

@एक_नंबर_बाकडा, नाही येत. पहिल्या पानावरच्या रस्त्याच्या नावाचे वर्गात सतरा उच्चार झाले आणि शेवटी सर्वानुमते तो 'लक्ष्मी रोड' ठरला. त्यानंतर वाचन सुरळीत चाललं.

कमी काही पडत नाही हो. पण बघा, चौथीतल्या इतिहासात मुलं कायम महाराजांच्या बाजूने उभी असतात आणि महाराज जिंकणार हे त्यांना माहीत असतं. इथे दहा वर्षांची मुलगी आहे, तिला कोण जिंकणार ते ठाऊक नाही आणि आमच्या पोरांनाही नाही. एकाने लिहिलंय, 'मी असतो तर पळून गेलो असतो.' चौथीच्या पेपरात असं लिहायची कोणाची टाप आहे?

मोडी_लिपिक

एक_नंबर_बाकडा यांच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्या ढिगाने आहेत, पण बहुतेक मोठ्यांसाठी. दहा-बारा वर्षांचं मूल मध्यभागी आहे, ते मावळा नाही की राजपुत्र नाही, साधं कोणाचं तरी पोर आहे आणि त्याच्या डोळ्यांसमोर इतिहास घडतोय, असं मराठी पुस्तक वाचनालयात मागितलं तर ग्रंथपाल विचारात पडतात. १८९७ च्या प्लेगमधलं पुणं घ्या. गोरे सोल्जर घराघरात शिरून तपासणी करतायत, माणसांना विलगीकरणात नेतायत, आणि आजारी बहिणीला माळ्यावर लपवणारं एक पोर. कोणी लिहा की राव.

एक_नंबर_बाकडा

हे लिहिलं तर मी दहा प्रती घेईन. लेखी देतो.

नवगाव_नाका

डेन्मार्क लांब असेल, ज्यू लांब नाहीत. पुण्यातल्या पोरांना म्हणावं कॅम्पात जाऊन लाल देऊळ बघून या. डेव्हिड ससूनने बांधलेलं सिनेगॉग आहे ते, १८६७ पासून उभं आहे आणि रिक्षावाले आजही 'लाल देऊळ'च म्हणतात.

मी अलिबागकडचा. आमच्या आजीच्या शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब होतं, घरात अस्सल कोकणी मराठी. पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले अशी त्यांची परंपरा. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. आडनावं रोहेकर, पेणकर, किहीमकर. नवस फेडला की मलिदा करायचे, गोड भिजवलेले पोहे, खोबरं, वर फळं, आणि एक वाटी आजीकडे यायची. पुढे ते इस्रायलला गेले, तिथूनही आजीला मराठीत पत्रं यायची.

माझ्या भाच्याने युद्धावरचं असंच एक पुस्तक वाचून विचारलं, या लोकांना सगळीकडेच लपावं लागायचं का? मी त्याला अलिबागचं सिनेगॉग दाखवलं. इस्रायल आळी, भर बाजाराजवळ, दाराला रंग, आत दिवे. तो म्हणाला, इथे तर बोर्ड लावलाय!

चिंचगोळी

मलिदा! अवांतराबद्दल क्षमस्व, पण कोणाकडे नीट कृती आहे का?

नवगाव_नाका

पाकृ विभागात टाकतो. इथे टाकली तर शाईचं_बोट बाई शेरा देतील.

पंचगंगाकाठ

डेन्मार्क-डेन्मार्क काय करताय, आमच्या कोल्हापूरला या की. वळिवडे. १९४३ ते ४८ तिथं पोलंडच्या निर्वासितांची वसाहत होती, पाचेक हजार माणसं, त्यात बायका आणि पोरंच जास्त. रशियाने सैबेरियाकडं नेलेली, तिथून सुटून इराणमार्गे फिरत फिरत पंचगंगेकाठी. शाळा होती, चर्च होतं, सगळं होतं. महावीर उद्यानात स्तंभ उभा आहे. २०१९ ला तिथली म्हातारी झालेली पोरं परत बघायला आली होती.

आमच्या पोराच्या वर्गात असल्याच पळून गेलेल्या मुलांचं एक इंग्रजी पुस्तक वाचलं. सरांनी पुढच्या रविवारी पोरं गोळा करून वळिवड्याला नेली. आता तिथं काय, थोड्या जुन्या बराकी आणि बाकी सगळं सिंधी कॉलनी, गांधीनगरचा बाजार. पोरगं घरी येऊन म्हणतंय, 'बाबा, पुस्तकातली पोरं खोटी असतील, पण आजीनं ही पोरं बघितली असणार की.' आई माझी उचगावची. तिला विचारलं तर म्हणाली, 'व्हय, गोरी बायका बाजारात अंडी घ्यायला यायच्या, मराठीत भाव करायच्या.' ऐंशी वर्षांत ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मोडी_लिपिक

पंचगंगाकाठ, घ्या. प्लेगच्या आधी ही कादंबरी लिहा. अंडी विकणाऱ्या बाईची मुलगी आणि वळिवड्याची पोलिश मुलगी.

उगाचच_उवाच

आलो परत. धागा वाचून मी ते पुस्तक काल रात्री एका बैठकीत संपवलं. (बायकोचं मत: हे लहान मुलांचं आहे, तुझ्या वयाला जड जाईल.)

पण मंडळी, इथे रुमाल टाकताना जपून टाकत जा. त्या पुस्तकातल्या रुमालाला सशाचं वाळलेलं रक्त आणि कोकेन लावलेलं आहे! रक्ताच्या वासाने कुत्रा हुंगायला येतो आणि कोकेनने त्याचं नाक बधिर होतं, मग होडीत लपलेली माणसं त्याला सापडत नाहीत. आणि हे लेखिकेने रचलेलं नाही, खरोखर असे रुमाल बोटींवर ठेवले होते.

यापुढे या संस्थळावर कोणी 'रुमाल टाकतो' म्हणालं की मी दोन पावलं मागे सरकून उभा राहणार आहे.

तिखटमीठ

😂😂 प्रशासकांनी नोंद घ्यावी.

बाबांचा_लॉगिन

नमस्कार, मी बाबांच्या लॉगिनवरून लिहितोय, त्यांना विचारलंय. मी आठवीत आहे. हे पुस्तक आम्हाला मागच्या वर्षी होतं.

आधी सांगू नका. कारण अ‍ॅनमरी टोपली घेऊन जंगलातून पळते तेव्हा पाव आणि चीजखालच्या त्या पाकिटात काय आहे ते तिला माहीत नसतं. मामा तिला मुद्दाम सांगत नाही, कारण सगळं माहीत नसलं की शूर राहणं सोपं जातं. सैनिक पाकीट फाडतात तेव्हा आपल्यालाही माहीत नसतं. आम्हाला मॅडमनी आधीच सगळं सांगितलं असतं तर ती एकटी घाबरली असती आणि आम्ही नुसते बघत बसलो असतो.

आणि लढाई नाही म्हणून कंटाळवाणं आहे असं म्हणणाऱ्यांना शेवटचं पत्र वाचायला द्या. किम माल्थे-ब्रून, वय २१, जर्मनांनी १९४५ मध्ये मारलं, मरणाआधी त्याने आईला पत्र लिहिलं. तो खरा आहे. आमच्या वर्गात ते वाचताना हसणारा मुलगा पण गप्प होता.

सुरुवात कंटाळवाणी आहे हे मात्र बरोबर आहे. कर्स्टी मला आवडली नाही, माझी बहीण अशीच आहे.

गडपायरी

बाबांचा_लॉगिन, मुद्दा जोरदार आहे. बाबांना सांग, लॉगिन तुझ्याच नावावर करून देऊ दे.

शाईचं_बोट

सगळ्यांचे आभार. धागा काढला तेव्हाचा प्रश्न अजून डोक्यात आहेच, तर या आठवड्यात वर्गात काय झालं ते सांगते.

रुसव्यावर उपाय म्हणून पोरांना म्हटलं, चला, पुस्तक पुन्हा चाळा आणि पेन्सिलीने समासात खुणा करा. खरं वाटतं तिथे ख, कल्पित वाटतं तिथे क. मग एकेक तपासू.

निकाल ऐका. हेन्रिकमामाला जवळपास सगळ्यांनी ख दिला, आणि वर 'असा मामा असतोच' अशी टीप. रुमालाला सगळ्यांनी क, 'हे सिनेमातलं वाटतं.' माशाच्या कातड्याच्या बुटांना क, 'वास येईल.' कर्स्टीच्या वाढदिवसाला जे आकाश उजळतं, जे तिला आपल्यासाठी उडवलेले फटाके वाटतात, त्यालाही क. प्रत्यक्षात ते २९ ऑगस्ट १९४३. डेन्मार्कच्या नौदलाने आपली जहाजं जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून स्वतःच बुडवली. बूटही त्या काळात खरंच निघाले होते आणि रुमालाचं उगाचच_उवाच यांनी सांगितलंच आहे.

म्हणजे रचलेलं ते त्यांनी डोळे मिटून खरं धरलं आणि घडलेलं ते थापा म्हणून बाद केलं. हे ध्यानात आल्यावर वर्गात जो गोंधळ झाला तो मला थांबवावासा वाटला नाही. ज्याने 'कोणासाठी घाबरलो' लिहिलं होतं तो उठून म्हणाला, 'मिस, मग लेखिका खोटं फक्त माणसांबद्दल बोलली, वस्तूंबद्दल नाही.' आणि एकीने लगेच त्याला उडवून लावलं, 'पण रुमाल कोणीतरी माणसानेच ठेवला असेल ना!'

तेव्हा पुढच्या वर्षीही मी नंतरच सांगणार. फक्त शेवटच्या दिवशी जाहीर न करता आधी त्यांच्याकडून ख-क करून घेणार. आणि चिंचगोळी, एलनच्या पत्राची कल्पना उचलतेय.

चिंचगोळी

खुशाल उचला. जेवणावर शब्दमर्यादा मात्र घाला.

गडपायरी

ख-क आवडलं, माझा विरोध मागे. एक भर घालतो, म्हणजे चित्र फार गोड होणार नाही. ज्या गिलेलायच्या किनाऱ्यावर हेन्रिकमामा राहतो, त्याच गावच्या चर्चच्या माळ्यावर लपलेले ऐंशीच्या आसपास ज्यू जर्मनांच्या हाती लागले. आणि सगळे कोळी हेन्रिकमामासारखे फुकट नेत नव्हते. बरेच जण पैसे घेत, सुरुवातीच्या दिवसांत भरपूर घेत. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्यासाठी इतरांनी वर्गणी काढली. पकडले गेले तर होडीही जायची आणि तुरुंगही, हेही तितकंच खरं. हे सहावीला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

शाईचं_बोट

सांगणार. सोमवारी फळ्यावर प्रश्न लिहिते: हेन्रिकमामाने पैसे घेतले असते, तर तो शूर ठरला असता का?

तिखटमीठ

माझी पैज. कोणीतरी नक्की लिहिणार, 'डिझेलचे तरी घेऊ दे बिचाऱ्याला.'